आग्र्याच्या किल्ल्यात महाराजांची कोठडी नाही

"आग्र्याला जाताय? पाट्यांवर विश्वास ठेवू नका, खाजगी गाइड करा आणि लपवलेलं सत्य बघा" अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. टाकला मामींनी, कारण दिवाळीच्या सुट्टीत त्या आणि त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणी आग्रा करणार आहेत. खाली त्यांची ओळ: "असाच माहीतगार गाइड बघून दे रे." ग्रुपवर चारचौघांत मामींना उलट बोलणं बरं दिसत नाही आणि गप्प बसणंही जमेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

संदेशात काय आहे ते आधी सांगतो. ताजमहाल बांधणाऱ्या वीस हजार कारागिरांचे हात शहाजहानने तोडले. यमुनेपलीकडे काळ्या ताजमहालाचा पाया अजून आहे. ताजखालच्या बावीस बंद खोल्यांत मंदिराचे पुरावे कोंडलेत. फत्तेपूर सिक्रीत अकबराची राणी जोधाबाई हिचा महाल बघायलाच हवा. आग्र्याच्या किल्ल्यात शिवाजी महाराजांना ज्या कोठडीत ठेवलं ती आजही जशीच्या तशी आहे. शेजारच्या बुरुजात शहाजहान कैदेत होता, दोघं भिंतीआडून बोलत. सरकार ती कोठडी दाखवत नाही, पण खाजगी गाइड 'ओळखीने' दाखवतो. आणि शेवटचं आमिष म्हणजे गाइड असला की ताजला रांग लागत नाही.

कोठडीपासून सुरुवात करतो, कारण मराठी माणसाच्या खिशात हात घालायला तीच वापरली जाते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला असंच एक कुलूपबंद जाळीचं दार दाखवलं होतं. त्याने तिथे चपला काढल्या, डोकं टेकवलं, आणि बाहेर पडताना ठरल्यापेक्षा पाचशे रुपये जास्त दिले. त्याची श्रद्धा खरी होती. दार कशाचं होतं, देव जाणे.

शहाजहान वारला जानेवारी १६६६ मध्ये. महाराज आग्र्यात पोचले मे १६६६ मध्ये. म्हणजे ज्याच्याशी ते 'भिंतीआडून बोलत' होते, तो चार महिन्यांपूर्वीच ताजमध्ये मुमताजशेजारी पुरला गेला होता. बाप जिवंत असेपर्यंत औरंगजेब आग्र्याला फिरकत नव्हता. तो गेल्यावर त्याने दरबार तिथे भरवला, आणि त्या दरबाराला महाराज गेले. दोन तारखा शेजारी ठेवल्या तरी ही गोष्ट उभी राहत नाही. पण एवढंही कोणी करत नाही, लगेच 'फॉरवर्ड'.

आता खुद्द कोठडी. इथे अंदाजावर राहायची गरज नाही. आंबेरच्या राजाची, म्हणजे मिर्झा राजे जयसिंहांची, जी माणसं तेव्हा आग्र्यात होती ती घडलेलं सगळं आंबेरला लिहून कळवत होती. परकालदासाने कल्याणदासाला लिहिलेली पत्रं त्यातलीच. जुन्या राजस्थानीतली ही पत्रं जयपूरच्या दप्तरात मिळाली आणि इतिहासकार जदुनाथ सरकारांनी ती अभ्यासकांपुढे आणली. लिहिणारी माणसं आपली नव्हती, औरंगजेबाचीही नव्हती, आणि घडत असताना लिहीत होती. आग्रा प्रकरणाबद्दल याहून जवळचा साक्षीदार नाही.

ती पत्रं काय सांगतात? १२ मे १६६६ ला बादशहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा दरबार होता. महाराजांना न्यायला यायचं होतं जयसिंहांच्या मुलाने, रामसिंहाने. तो चौकीच्या कामात अडकला, उशीर झाला. महाराज किल्ल्यात पोचेपर्यंत दिवाण-ए-आमचा, म्हणजे सर्वांसाठीचा दरबार उरकून बादशहा दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे निवडक लोकांच्या दरबारात गेला होता. तिथे नजराणा झाला, बादशहा एक शब्द बोलला नाही, आणि महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं गेलं. पुढे जोधपूरच्या जसवंतसिंहाची पाठ दिसल्यावर महाराज भडकले आणि भर दरबारात पाठ फिरवून बाजूला जाऊन बसले, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

यानंतरचं मात्र संदेश लिहिणाऱ्याला माहीत नाही, किंवा सोयीचं नाही. महाराजांना रादअंदाज खानाच्या ताब्यात द्या, असा हुकूम निघाला होता. हा रादअंदाज खान आग्र्याचा किल्लेदार. कोठडीच्या गोष्टीत काही तथ्य शोधायचंच असेल, तर ते एवढंच: किल्लेदाराच्या स्वाधीन करायचं ठरलं होतं. झालं मात्र नाही. रामसिंह आडवा आला. माझ्या वडिलांच्या शब्दावर ते आलेत, त्यांना मारायचं तर आधी मला मारा, असं त्याने वर कळवलं. बादशहाने जामीन मागितला, रामसिंहाने जामीनकतबा लिहून दिला. महाराज राहिले ते किल्ल्याबाहेर, रामसिंहाच्या मुक्कामाजवळच्या आपल्या तळावर. पुढे तिथेच शहर कोतवाल फुलादखानाचे पहारे बसले, आणि ऑगस्टमध्ये महाराज निसटले तेही तिथूनच. पेटाऱ्यांची गोष्ट तुम्ही अक्षरशः घ्या किंवा नका घेऊ; पण आग्र्याच्या किल्ल्याचा तट सत्तर फुटांचा आहे, दारोदार पहारा आहे, आणि त्यातून रोज मिठाईचे पेटारे बाहेर जातायत हे चित्र तरी एकदा डोळ्यांसमोर आणून बघा.

"मग किल्ल्याचा एवढा भाग बंद का ठेवलाय?" असाही खोचक प्रश्न संदेशात आहे. कारण तो लष्कराच्या ताब्यात आहे. किल्ल्याचा मोठा भाग सैन्याकडे आहे, दिल्ली दरवाजाही त्यात गेला. आपण आत जातो ते अमरसिंह दरवाजाने. त्यात गुपित काही नाही.

मला राग येतो तो याचा की खरी जागा तिथे उघडी पडली आहे आणि तिच्यासमोर कोणी थांबत नाही. शहाजहानने १६३५ च्या सुमारास बांधलेला दिवाण-ए-खास आजही उभा आहे. संगमरवरी खांब, त्यांच्या पायथ्याशी रंगीत दगडांची जडवलेली फुलं, समोरच्या गच्चीवर जहांगीरचं तडा गेलेलं काळं तख्त, आणि लगेच पलीकडे मुसम्मन बुरूज, म्हणजे शहाजहानच्या कैदेचा तो बुरूज. ज्या दरबारात महाराजांनी पाठ फिरवली, तो इथला. गाइडने मराठी माणसाला इथे दहा मिनिटं उभं करावं, कोण कुठे उभं असेल ते सांगावं. पण यात कुलूप नाही, जाळी नाही, 'ओळख' नाही. म्हणजे जास्तीचे पैसेही नाहीत.

हात तोडल्याची गोष्ट मला वाटतं जगातल्या निम्म्या सुंदर इमारतींबद्दल सांगितली जाते. वीस हजार माणसं आणि बावीस वर्षं हा आकडा ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याचा. काम सुरू होताना आणि संपताना मी बघितलं, असं तो म्हणतो. काम सुरू झालं १६३२ मध्ये आणि हा गृहस्थ आग्र्यात पहिल्यांदा आला १६४० नंतर! तरी हात तोडल्याचं त्यानेही लिहिलेलं नाही. ताजवरची अक्षरं लिहिणारा अमानत खान शिराझी याने कबरीच्या दालनात स्वतःचं नाव आणि हिजरी १०४८ (इ.स. १६३८-३९) हे वर्ष कोरलंय. बादशहाने ज्याला सही करू दिली, त्याचे हात नंतर तोडले? या अमानत खानाने पुढे अमृतसरजवळ स्वतःची सराई बांधली आणि तिच्यावरचा लेखही स्वतःच लिहिला. कशाने लिहिला, हे मामींच्या ग्रुपवरच्या जाणकारांनी सांगावं. ताजचा स्थपती मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी १६३९ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामाला लागला. आणि एवढं लांब जायचं नसेल तर छत्रपती संभाजीनगरला जा. बीबी का मकबऱ्याच्या दारावर बांधणाऱ्यांची नावं आहेत: अताउल्ला आणि हंसपतराय. हा अताउल्ला म्हणजे उस्ताद अहमदचा मुलगा. बापाचे हात तोडणाऱ्या घराण्याची चाकरी मुलगा इतक्या निष्ठेने करतो?

यातली खरी गंमत तर दुपारी कळते. सकाळी ताजच्या चौथऱ्यावर हात तोडल्याचं सांगून डोळे ओले करणारा तोच गाइड दुपारी तुम्हाला संगमरवराच्या दुकानात नेतो आणि सांगतो, हे बघा, ताज बांधणाऱ्या कारागिरांचे थेट वंशज, पिढ्यान्‌पिढ्या हीच कला! एक कारागीर हाताने फिरवायच्या साणेवर अकीकाची नखाएवढी पाकळी घासत बसलेला असतो. ते काम खरं असतं, बघण्यासारखं असतं. मग दुकानदार दिवे घालवतो, ताटलीखाली टॉर्च धरतो, दगडातून उजेड दिसतो, आणि मकराण्याचा संगमरवर म्हणून भाव सांगितला जातो. उजेड आग्र्यात गोरारा म्हणतात त्या मऊ, स्वस्त दगडातूनही दिसतो. तुम्ही जे घ्याल त्यातला वाटा गाइडचा. अशा लोकांना आग्र्यात 'लपके' म्हणतात, आणि 'लपवलेलं सत्य' हे त्यांच्या धंद्याचं भांडवल आहे.

काळा ताज: हीसुद्धा त्याच ताव्हेर्नियेची देणगी. पलीकडे जो मेहताब बाग आहे तिथे पुरातत्त्व खात्याने १९९० च्या दशकात उत्खनन केलं. बाग निघाली, मोठा अष्टकोनी हौद निघाला. काळ्या मकबऱ्याचा पाया निघाला नाही. शिवाय १६५२ मध्ये खुद्द औरंगजेबाने बापाला लिहिलेल्या पत्रात मेहताब बागेत पुराचं पाणी शिरल्याचा उल्लेख आहे, म्हणजे तेव्हाही तिथे बागच होती. त्याच पत्रात ताजचा घुमट पावसाळ्यात गळतोय अशी तक्रारही आहे. ही गोष्ट कोणताच लपका सांगत नाही, आणि मला ती काळ्या ताजपेक्षा शंभरपट आवडते.

बावीस खोल्या. या मुद्द्यावर घराघरांत भांडणं होतात म्हणून थोडक्यात. ताजची जागा आधी राजा मानसिंहांच्या हवेलीची होती, तेव्हा ती त्यांचे वंशज जयसिंह यांच्याकडे होती आणि बदल्यात त्यांना दुसऱ्या हवेल्या दिल्या गेल्या, हे खरं आहे. हे कोणी लपवलेलंही नाही, शहाजहानच्या दरबारी इतिहासात, बादशाहनाम्यातच लिहिलेलं आहे. पण हवेली म्हणजे मंदिर नव्हे. मंदिराचा दावा आपल्याच पु. ना. ओकांनी गाजवला, त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये फेटाळली. खोल्या उघडा म्हणणारी याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मे २०२२ मध्ये फेटाळली. त्या तळघरातल्या दुरुस्तीचे फोटो पुरातत्त्व खात्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केले. गिलावा उडालेल्या भिंती आहेत, दुसरं काही नाही.

जोधाबाईबद्दल एवढंच: अकबराची आंबेरची राणी म्हणजे मरियम-उज-जमानी, जहांगीरची आई. जोधपूरची राजकन्या होती ती जहांगीरची बायको. सिक्रीच्या महालाला जोधाबाईचं नाव नंतर चिकटलं. महाल मात्र जरूर बघा.

संदेशातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत हे नाइलाजाने मान्य. ताजचे चारही मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत. आणि गाइड घ्यावा, हेही खरंच. नुसतं फिरून आलं तर ताज म्हणजे फोटोची रांग आणि आग्र्याचा किल्ला म्हणजे ऊन. सिक्रीत तर कुठली इमारत कशाची हे कळायलासुद्धा कोणीतरी लागतं. खाजगी गाइड म्हणजे फसवणूक, असं माझं अजिबात म्हणणं नाही. उत्तम, अभ्यासू गाइड आग्र्यात आहेत. पण 'सरकार लपवतंय' म्हणणारे ते नव्हेत. गंमत म्हणजे चांगल्या खाजगी गाइडकडेही पर्यटन खात्याचं ओळखपत्रच असतं.

रांगेचं म्हणाल तर ताजच्या दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची तपासणी असते आणि ती सगळ्यांची होते, बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. भारतीयांना तिकीट पन्नास रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचं तर आणखी दोनशे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या साइटवर घरबसल्या मिळतं, म्हणजे खिडकीवरची रांग आपसूक टळते. त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही.

तेव्हा मामी, गाइड मी बघून देतो. आधी ओळखपत्राचा फोटो मागू, पैसे दिवसाचे ठरवू, आणि दुकानात जाणार नाही हे फोनवरच सांगू. त्यावर त्याचा भाव एकदम वाढला, तर दुसरा बघू. किल्ल्यात दिवाण-ए-खासपाशी थांबवायला सांगा. आणि तुमच्या बेतात ताज शुक्रवारी टाकलाय तो आधी बदला, शुक्रवारी ताज बंद असतो.