‘पैशाचा माज’ म्हणणाऱ्या ताईंना, तलावाच्या मालकाकडून

ताई, रामराम.

तुम्ही लिहिलेलं वाचलं, दिलेले 2 तारेही पाहिले. तक्रारी चार आहेत: तीन लाटा आल्या की पुढच्यांसाठी ताटकळत बसावं लागतं, पाण्याला वास येतो, कर्नाटकात मुळकीला समुद्रात सर्फिंग शिकलेल्या तुमच्या मुलाचा बोर्ड इथे बुडाल्यासारखा चालतो, आणि जळगाव जिल्ह्यात केळीला पाणी पुरत नसताना सर्फिंगसाठी लाटांचा तलाव बांधणं म्हणजे पैशाचा माज. ही शेवटची जिव्हारी लागली, म्हणून आधी तिचंच बोलतो.

तलाव 3,000 चौरस मीटरचा आहे, म्हणजे पाऊण एकर धरा. मे महिन्यात ऊन आणि झळा मिळून रोज सेंटीमीटरभर पाणी उडवतात. झालं 30,000 लिटर, दहा हजारी तीन टँकर. आता बांधाला लागून असलेली केळी घ्या. एकरी साडेसतराशे झाडं, ऐन उन्हाळ्यात ठिबकने झाडाला 20 लिटरच्या आसपास, म्हणजे 35,000 लिटर. तलाव एकरभर केळीपेक्षा जास्त पाणी पीत नाही. केळी खाता येते, लाट खाता येत नाही, हे मलाही कळतं. पण एक एकर केळीवर जितके हात लागतात त्याहून जास्त माणसं इथे रोजाला आहेत, आणि ती गावातलीच.

शिवाय हे पाणी बोअरचं नाही. यावल-रावेरकडे बोअर किती खोल गेलेत ते तुम्हीही बघता, त्यात आणखी एक भोक पाडायचं नव्हतं. पावसाळ्यात नाला दुथडी वाहतो तेव्हा दोन शेततळी भरून घेतो. तलावातलं पाणी गाळून तेच तेच फिरवतो, उडालेलं तेवढं शेततळ्यातून भरतो. (शेततळ्यातून उडतं ते वेगळं, तेही नाकारत नाही.) कडेने शेवरी दिसली असेल, ती शोभेची नाही. केळीच्या बागेला लावतात तशीच वारा अडवायला लावली आहे. वारा अडला की पाणी कमी उडतं आणि लाटेची पुढची उभी बाजूही विस्कटत नाही.

ताटकळण्याचं सांगतो. खोल बाजूच्या भिंतीमागे हवेच्या कोठ्या आहेत. ब्लोअर त्यांत हवा दाबतो, कोठीतलं पाणी खालच्या तोंडातून तलावात ढकललं जातं आणि तळ जसजसा चढत जातो तसतशी लाट उभी राहते. मीटरभराची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटते, त्यामुळे लाट कशी फुटणार हे तळाचा उतारच ठरवतो. आमचा निम्मा खर्च त्या उताराच्या काँक्रीटवर झाला. लाट उथळ काठावर आपटली की पाणी मागे फिरतं. ते हेलकावे निवायच्या आत पुढची सोडली तर ती मध्येच ढासळते आणि पोरं तोंडावर पडतात. कॅलिफोर्नियात लेमूरला सर्फिंगमधला जगज्जेता केली स्लेटर याचा तलाव आहे, समुद्रापासून दीडएकशे किलोमीटर आत, आजूबाजूला आपल्यासारखाच कापूस. तिथे पाण्यातून पातं ओढून लाट काढतात, पण पाणी निवेपर्यंत थांबावं त्यांनाही लागतं.

बोर्डाचं कारण मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, आपलं पाणी गोडं. तोच बोर्ड इथे जरा खाली बसणारच. जाड बोर्ड काउंटरला ठेवलेले आहेत. मुलाने स्वतःचाच हट्टाने घेतला, तेही ठीक, वय तसंच आहे.

वासाबाबत मात्र मी जरासुद्धा नमणार नाही. 2018 मध्ये टेक्सासमधल्या वेको इथल्या सर्फ पार्कला जाऊन आलेला एक तरुण मेंदूत अमिबा शिरून दगावला. तपासणीत तिथलं पाणी गढूळ आणि क्लोरीन कमी निघालं. हा अमिबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी कोमटच असतं. वर कडक ऊन तासा-दोन तासांत बहुतेक क्लोरीन खाऊन टाकतं. म्हणून आमचा पाण्यावरचा माणूस दिवसभर काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात गोळी टाकतो. रंग चांगला गुलाबी चढला तर ठीक. फिका राहिला की शिट्टी आणि सगळे बाहेर. तुमच्या वेळेला वाजली ती हीच शिट्टी. आणि तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, डोक्याचं तेल आणि (स्पष्टच लिहितो) लघवी क्लोरीनला मिळाली की तो सुटतो. आत जाण्याआधी साबणाने अंघोळ करा, अशी पाटी त्याचसाठी आहे. ती टाळून मागच्या फाटकाने शिरणारे रविवारी जास्त असतात.

अर्धे पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. शिट्टीनंतर गेलेला वेळ तुम्हाला पुढे वाढवून दिला होता आणि तुमच्या मुलाने तो पुरेपूर वापरला. पुन्हा यायचं झालं तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी साडेसहाची पाळी घ्या. तेव्हा वारा पडलेला असतो, गर्दी नसते. दुपारी 12 ते 4 मे महिन्यात बंदच ठेवतो, काठाच्या फरशीवर पाय ठरत नाही.