बैलाचा फोटो पानावरून काढून टाकला आहे

नमस्कार ताई,

आमच्या शेंगदाणा तेलाला दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. तुमची तक्रार अशी: आमच्या इंटरनेटवरच्या पानावर घाण्याला जुंपलेला बैल, दुकानात आलात तर विजेची मोटर आणि लोखंडी पिंप. लेबलवर 'कोलेस्टेरॉल-फ्री', '१००% शुद्ध'. पाच लिटरच्या कॅनच्या तळाशी गाळ, तळताना फेस, आणि लिटरला ३८० रुपये. एकूण काय, फसवणूक.

बैलाचं तुमचं म्हणणं शंभर नंबरी खरं आहे. आमच्याकडे बैल कधीच नव्हता. आजोबांचा होता, तोही माझ्या जन्माआधी विकला. पान तयार करणाऱ्या मुलाने इंटरनेटवरून फोटो लावला, 'छान दिसतोय' म्हणून मीही राहू दिला. चूक त्याची नाही, माझी. काल रात्री तो फोटो काढून टाकला आणि आमच्या घाण्याचा लावला, मोटर आणि पट्ट्यासकट. दिसायला काही खास नाही.

मात्र पिंप बाहेरून लोखंडी असलं तरी आतलं उखळ आणि लाट (उखळात फिरून दाणे चिरडणारा दांडा) बाभळीचीच आहे. तुम्ही काउंटरवरून पाहिलंत म्हणून ते दिसलं नसावं. मोटर फक्त बैलाचं काम करते. तेलही अगदी थंडगार निघत नाही, घासून कोमट होतं. कोणी 'बर्फासारखं थंड' सांगत असेल तर त्याच्या घाण्याला हात लावून पाहा.

कोलेस्टेरॉल-फ्री. यावर काय बोलू? शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. कुठल्याच झाडाच्या तेलात सांगण्याजोगं नसतं, बाजारातल्या सगळ्यात स्वस्त पिशवीतही नाही. म्हणजे शब्द खोटा नाही, पण त्याच्या जोरावर आमचं तेल वेगळं म्हणून विकणं लबाडीच. बाकीचे लिहितात म्हणून आम्हीही लिहिलं. '१००%' हे शब्द लेबलवर टाळा, असं एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, मे २०२५ मध्ये सांगितलं होतं. तरी छापून पडलेली स्टिकरं संपवायची म्हणून मी ती चिकटवत राहिलो. उरलेला गठ्ठा आता रद्दीत. नव्या लेबलवर फक्त 'शेंगदाणा तेल, लाकडी घाणा' आणि काढल्याची तारीख.

गाळाचं मात्र मी मान्य करणार नाही. आम्ही तेल टाकीत चार दिवस निवळू देतो, मग फडक्यातून गाळतो. रिफाइंड करत नाही. त्यामुळे तळाशी थोडा साका बसतो आणि तळताना फेस येतो, तो याच तेलाचा स्वभाव. कढई मोठी घ्या, पुऱ्या थोड्या-थोड्या सोडा. पण वास खवट येत असेल तर तो गाळाचा प्रश्न नाही, मग तेल बिघडलंय. कॅन घेऊन या, अर्धा वापरला असला तरी पूर्ण पैसे परत.

आणि दर. एका घाण्यात १५ किलो दाणे घातले की पाऊण तासात ६ लिटरच्या आसपास तेल निघतं. म्हणजे लिटरला अडीच किलो दाणे. मला दाणा किलोला १२५ ते १३० रुपयांना पडतो, तेव्हा नुसत्या दाण्याचेच सव्वातीनशेच्या आसपास झाले. पेंड गवळी नेतो, त्याचे थोडे सुटतात, त्यात वीज, माणूस आणि कॅन भागतो. याच तेलाचे कोणी २०० सांगत असेल तर त्यात नक्की काय आहे, एवढं त्याला विचारा.

पटत नसेल तर तुमचे दाणे तुम्ही आणा. समोर उभ्या राहून काढून घ्या, पेंडही तुमचीच, मजुरी तेवढी द्या. पंधरा किलोच्या खाली मात्र घाणा चालत नाही, शेजारणींना सोबत घ्यावं लागेल. सकाळी नऊ ते एक, शनिवारी बंद.


घाणेवाला