न खायची कोळंबी

कोकणात काचेच्या टाकीत कोळंबी सोडली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ही सुंगटां कालवणाक कधी येतली?’ ही चेरी श्रिंप, गोड्या पाण्यातली शोभेची कोळंबी; पुरती वाढली तरी जेमतेम इंचभर, सोलून हाती काही लागायचं नाही, हे सांगितलं की विचारणारा आपल्याकडेच कीव आल्यासारखा बघतो.

त्याआधीचा महिना तर अधिक अवघड. ३० लिटरची टाकी, तळाला नदीची धुतलेली रेती (किनाऱ्यावरची फुकट मिळते, पण सोबत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा आणते), हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर, थोडं जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळ). एवढं लावून ४ ते ६ आठवडे टाकी नुसतीच चालवायची. चिमटीभर मासेखाद्य टाकत राहायचं; ते कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत आत कोणी नाही. दरम्यान घरी येणारा प्रत्येक पाहुणा बुडबुड्यांकडे बघून हळहळतो, ‘सगळे मेले वाटतं?’

मग सल्ले सुरू. ‘तांब्याच्या हंड्यातलं पाणी घाला, शुद्ध असतं.’ माणसाला असेल. कोळंबी आणि गोगलगायीला तांबं म्हणजे विष. सुपारीवर कोळेरोगासाठी मारतात त्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटरला १ किलो मोरचूद असतं, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. म्हणून फवारणीच्या दिवसांत बागेतलं पाणी, पान आणि बागेतून आलेला हात, तिन्ही टाकीबाहेर. सुकलेलं बदामाचं पान कोळंबीला फार आवडतं, पण तेही रस्त्याकडेच्या झाडाचं घ्यावं.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ. त्यात चुना कमी, म्हणून गोगलगायीचं कवच झिजून पांढरं पडतं आणि कोळंबी कात टाकताना अडकून मरते. औषध किनाऱ्यावरच पडलेलं असतं: समुद्रफेस, म्हणजे माकूळ माशाचं चुनकट हाड. दोन-तीन दिवस गोडं पाणी बदलत भिजवून मीठ काढायचं आणि लहानसा तुकडा टाकायचा. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली असेल, तर पाणी आधी क्लोरीन काढूनच वापरायचं.

वीज जाणार, हे धरूनच चालावं. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल, तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं उतरतं आणि आधी पंप, मग जमीन भिजवतं. नळीत एकेरी झडप बसवली की हा प्रकार टळतो. मे महिन्यातला उकाडा मात्र टळत नाही. टाकीवर पंखा लावला तरी दमट हवेत बाष्पीभवन कमी, त्यामुळे पाणी फारसं निवत नाही. टाकी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यातच मांडावी.

नेराइट गोगलगाय काच चाटूनपुसून ठेवते आणि त्याच काचेवर तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवते. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं जगत नाहीत, आणि अंडी खरवडल्याशिवाय निघत नाहीत. रॅमशॉर्न गोगलगायी मात्र वनस्पतीबरोबर न बोलावता येतात. त्यांची जत्रा भरली, तर खाणं जास्त पडतंय. त्यांना मारायला तांब्याचं औषध आणू नये, आधी कोळंबीच जाईल.

शेवटी १०-१२ कोळंब्या. त्यांना टाकीच्या पाण्याची सवय हळूहळू व्हावी लागते. हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असं टाकीचं पाणी त्यांच्या भांड्यात सोडायचं, दोनेक तास. टाकीत गेल्या की त्या मॉसमध्ये दडून बसतात. तळाशी एखादं पारदर्शक, रिकामं सालपट दिसेल. घरातलं कोणीतरी ते चिमट्याने काढून टाकायला जाईल; त्याला अडवायचं. ती टाकलेली कात असते आणि चुन्यासाठी कोळंब्या ती खातात.