खुलासा: ‘इन्ग्लोरियस बास्टर्ड्स’ ही सत्यकथा नाही

‘हिटलर 1944 मध्ये पॅरिसच्या थिएटरात मारला गेला, इतिहासाने ते दडवलं, हा चित्रपट त्यावरच बेतलाय’ असा मेसेज फिरतोय. तो खोटा आहे. हिटलरने 30 एप्रिल 1945 ला बर्लिनच्या बंकरमध्ये आत्महत्या केली, त्याचा प्रचारमंत्री गोबेल्सने दुसऱ्या दिवशी. थिएटर चालवणारी ज्यू तरुणी शोशाना, नाझी अधिकारी लांडा, नाझींना मारणाऱ्या ज्यू सैनिकांच्या तुकडीचा अमेरिकी प्रमुख आल्डो रेन ही पात्रं काल्पनिक आहेत. 2009 च्या या चित्रपटाचं पहिलं प्रकरणच ‘एकेकाळी नाझीव्याप्त फ्रान्समध्ये’ असं परीकथेच्या थाटात उघडतं.

खरा आधार एवढाच: नाझींपासून पळालेले काही ज्यू तरुण दोस्त सैन्यात होते. फेब्रुवारी 1945 मध्ये फ्रेड मेयर आणि हान्स वाइनबर्ग अमेरिकेसाठी ऑस्ट्रियात उतरले, पण चित्रपटातल्यासारखं नाझींना मारत फिरायला नव्हे, हेरगिरीसाठी.

शेवटी नाझींनी भरलेलं थिएटर जळतं, म्हणून शोशानाचा ‘सूड पूर्ण होतो’ असं कुणी म्हणेल, तर तेही अर्धवट आहे. शोशाना आगीआधीच गोळी लागून मरते. पडद्यावर बोलतो तो तिचा आधी चित्रित केलेला चेहरा. झटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मचा ढीग पेटवतो तिचा प्रियकर मार्सेल. थोड्या वेळापूर्वी पडद्यावरच्या हत्यांना टाळ्या पिटणारे नाझी आपण पाहिलेले असतात, आणि आता ते जळताना टाळ्या आपण वाजवतो. माझ्या मते चित्रपटाचा खरा डंख इथे आहे.

लांडाचा पहिला प्रसंग पुन्हा बघा. दूध पिऊन, गोड बोलून तो फ्रेंचवरून इंग्रजीवर येतो, कारण घराच्या फळ्यांखाली लपलेल्या ज्यू कुटुंबाला इंग्रजी कळत नाही. त्याचं क्रौर्य या शिष्टाचारातच आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.