ओतारूची भिंत आणि सिमेंटच्या विटा

जपानी अभियंता हिरोई इसामी यांच्यावरील लेख आवडला, मात्र जपानच्या होक्काइदो बेटावरील ओतारू बंदराच्या उत्तरेकडील लाटरोधक भिंतीचे काम (१८९७ ते १९०८) त्यात एका वाक्यात आटोपले, याची चुटपुट लागली. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात काँक्रीट टिकावे म्हणून त्यांनी सिमेंटमध्ये ज्वालामुखीची राख मिसळली आणि त्या मिश्रणाचे विटांसारखे हजारो छोटे नमुने करून ठेवले, ज्यांची ताकद त्यांच्या पश्चातही, कित्येक दशके, ठरावीक काळाने तोडून तपासली जात राहिली. स्वतःच्या कामाची परीक्षा पुढच्या पिढ्यांवर सोपवणारा अभियंता विरळाच! पुढे तोक्यो विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी आओयामा अकिरा पनामा कालव्यावर गेले, तर हात्ता योइची यांनी तैवानमध्ये वुशानतौ धरण उभारले.