क्रिमिनॉलॉजीतल्या दोन चुली

अमेरिकेत क्रिमिनॉलॉजीवाल्यांच्या, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्यांच्या, दोन मोठ्या संघटना आहेत. अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी म्हणजे एएससी, आणि अकॅडमी ऑफ क्रिमिनल जस्टिस सायन्सेस म्हणजे एसीजेएस. एएससीचं अधिवेशन नोव्हेंबरात, एसीजेएसचं मार्चमध्ये. एका एका विषयावर काम करणाऱ्यांचे आत छोटे गट असतात, एएससीत त्यांना डिव्हिजन म्हणतात, एसीजेएसमध्ये सेक्शन, आणि विषय बघाल तर बरेचसे तेच! पोलिसिंग इकडे पण तिकडे पण, करेक्शन्सचं (म्हणजे तुरुंग वगैरे) तेच, व्हिक्टिमॉलॉजीचं (गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा अभ्यास) तेच, इंटरनॅशनलचं तेच. मग होतं काय, की तोच माणूस दोन्ही संघटनांची फी भरतो, वर डिव्हिजनची वेगळी, सेक्शनची वेगळी, आणि नोव्हेंबरात वाचलेला पेपर जरा टायटल बदलून मार्चमध्ये परत वाचतो. सिनियर प्रोफेसरला हे परवडतं, पीएचडी करणाऱ्या पोरांचं काय?

गंमत म्हणजे या दोन्ही चुली एकाच घरातल्या. एएससीची सुरुवात १९४१ ची, बर्कलेत, ऑगस्ट व्होल्मर यांच्या भोवती जमलेल्या लोकांपासून. आणि व्होल्मर कोण, तर तिथले जुने पोलीस चीफ! कॉलेजात पोलीस ट्रेनिंग शिकवणाऱ्यांची संघटना होती ती. पुढे तिथे समाजशास्त्र आणि थिअरीचं वजन वाढलं, पोलीस शिकवणाऱ्यांना आपण मागे पडतोय असं वाटायला लागलं आणि १९६३ मध्ये त्यांनी इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ पोलीस प्रोफेसर्स काढली, तीच आजची एसीजेएस. म्हणजे भांडण होतं थिअरी की प्रॅक्टिस याचं, आणि आता तर दोन्हीकडे दोन्ही चालतं. भांडण संपलं तरी भिंत आहे तिथेच आहे.

आता कोणी म्हणेल दोन्ही संघटना मर्जच करून टाका. मला नाही पटत ते. एवढ्या मोठ्या एका मांडवात छोट्या विषयांचा आवाजच येणार नाही, शिवाय ज्याला एकीकडे कोणी विचारत नाही त्याला दुसरीकडे तरी जागा मिळते, हे काही कमी नाही. माझं म्हणणं एवढंच की खालच्या पातळीवर, जिथे विषय एक आहे तिथे, सेक्शन आणि डिव्हिजननी एकत्र काम करावं. आणि एकत्र काम म्हणजे "लायझन" (दोघांमधला दुवा) नावाचं एक पद तयार करून त्यावर कोणाला तरी बसवणं नाही हो. जॉइंट रिसेप्शन पण नाही, तिथे लोक आपापल्याच ओळखीच्यांशी बोलून घरी जातात. एक-दोन वर्षांत चेअर, म्हणजे गटाचा प्रमुख, बदलतो, नवीन माणसाला आधीच्याने काय ठरवलं होतं याचा पत्ता नसतो आणि सगळा उत्साह एका जुन्या ईमेलमध्ये पडून राहतो.

टिकतं ते ज्यात दोघांची मालकी आहे असं रोजचं काम. क्रिटिकल वाल्यांचं, म्हणजे कायदा आणि शिक्षेच्या व्यवस्थेवरच टीका करणाऱ्यांचं, बघा ना. 'क्रिटिकल क्रिमिनॉलॉजी' हे जर्नल एएससीच्या डिव्हिजनचं आणि एसीजेएसच्या सेक्शनचं, दोघांचंही अधिकृत जर्नल. जर्नल थांबवता येत नाही, अंक निघायलाच हवा, रिव्ह्यू व्हायलाच हवेत, त्यामुळे चेअर कोणीही असो, बोलावंच लागतं एकमेकांशी. (व्यवस्थेवर टीका करणाऱ्यांनीच व्यवस्था नीट लावली, हे पण भारीच आहे.)

दुसरं उदाहरण वरच्या पातळीवरचं. दोन्ही संघटनांनी मिळून क्राइम अँड जस्टिस रिसर्च अलायन्स काढली, कारण वॉशिंग्टनमध्ये सरकारपुढे जाऊन बोलायचं तर दोन वेगवेगळे आवाज घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. एफबीआयच्या २०१६ च्या वार्षिक गुन्हे अहवालातून कितीतरी टेबल्स गायब झाली तेव्हा या अलायन्सने जाहीर आक्षेप घेतला होता. पुढे २०२१ मध्ये एफबीआय पूर्णपणे एनआयबीआरएस या गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करायच्या नवीन पद्धतीवर गेली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या पोलीस खात्यांचा डेटाच आला नाही. असा खड्डा पडलेला डेटा कसा वापरायचा, वर्गात कसा शिकवायचा, कुठली तुलना अजिबात करायची नाही, याची एक साधी नोट दोन्हीकडच्या पोलिसिंगवाल्यांनी मिळून काढायला काय हरकत आहे? डेटा एकच, डोकेदुखी एकच.

अजून एक राहिलंच. एकाच संघटनेच्या आत पण हा घोळ आहे. घरगुती हिंसाचारावर काम करणारी बाई फेमिनिस्ट क्रिमिनॉलॉजीची (म्हणजे पूर्वीच्या विमेन अँड क्राइमची) की व्हिक्टिमॉलॉजीची? दोन्हीची. पण दोन्ही डिव्हिजनच्या बिझनेस मीटिंगा एकाच वेळी ठेवल्या तर तिने करायचं काय? तुरुंगातून सुटलेल्या लोकांवरची दोन सेशन्स समोरासमोरच्या खोल्यांत एकाच वेळी लागली तर दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हे सोडवायला कसला ठराव लागत नाही की बजेट लागत नाही. प्रोग्राम फायनल व्हायच्या आधी दोन्ही चेअरनी एक फोन केला तरी पुरे.

आणि पैसे खर्चच करायचे असतील तर सेक्शन आणि डिव्हिजननी मिळून विद्यार्थ्यांच्या पेपरसाठी एकच बक्षीस ठेवा, रक्कम जरा बरी ठेवा, आणि त्यात दुसऱ्या अधिवेशनाचा प्रवासखर्च धरा.