'हौशी' या शब्दावरून थोडं बोलायचंय

पंकज अडवाणीबद्दल बोलताना 'हौशी स्नूकरचा जगज्जेता' असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे खरा जगज्जेता नाही ना?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आज सविस्तर लिहितोच.

मराठीत हौशी म्हटलं की नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमी करणारी नाटकमंडळी आठवतात. स्नूकरमध्ये त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की खेळाडूकडे व्यावसायिक टूरचं कार्ड, म्हणजे तिथल्या स्पर्धांत खेळायचा परवाना, नाही. कौशल्याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

२०१५ साली इजिप्तमधल्या हुरघाडाला जागतिक हौशी स्पर्धेची फायनल झाली. पंकजसमोर १८ वर्षांचा चिनी मुलगा होता, झाओ शिनटोंग. पंकज ८-६ ने जिंकला. आपल्याकडे किती जणांना ही बातमी कळली असेल? तोच झाओ पुढे व्यावसायिक झाला, बंदी आली, कार्ड गेलं. २०२५ मध्ये तो कार्डाविनाच, म्हणजे हौशी म्हणूनच, पात्रता फेरीपासून खेळत शेफील्डच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे व्यावसायिक विश्वस्पर्धा जिथे होते त्या थिएटरमध्ये, पोहोचला. सेमीफायनलला रॉनी ओ'सुलिव्हानला १७-७ आणि फायनलला मार्क विल्यम्सला १८-१२ हरवून तो व्यावसायिकांचा विश्वविजेता झाला. आता सांगा, हौशी म्हणजे कच्चा का?

उलट मला हौशी स्पर्धांचा आराखडा जास्त निर्दयी वाटतो. क्रुसिबलची फायनल जास्तीत जास्त ३५ फ्रेम्सची, म्हणजे डावांची. दुपारी बिघडलं तर संध्याकाळी सावरता येतं. हौशी स्पर्धेत आधी गटातल्या छोट्या मॅचेस, मग बाद फेरी. एक सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल न ठेवणारा बचावाचा फटका) चुकली, समोरच्याने मोठा ब्रेक लावला, म्हणजे एकाच पाळीत सलग गुण घेतले, की तुम्ही खुर्चीत बसून फक्त बघायचं. स्नूकरइतकं हतबल बसून राहणं फार कमी खेळांत असेल. बॉल तुमच्याकडे येतच नाही, यावा म्हणून काही करताही येत नाही.

भारताला जागतिक हौशी स्पर्धा पहिल्यांदा जिंकून दिली ओम अग्रवाल यांनी, १९८४ मध्ये डब्लिनला. त्यानंतर थेट २००३: चीनमध्ये, जिआंगमेनला, १८ वर्षांचा पंकज. मधली १९ वर्षं कोरडी. यावरूनच या विजेतेपदाचं वजन कळावं.

पंकज व्यावसायिक टूरवरही गेला होता. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये त्याने क्वार्टरफायनल गाठली, रँकिंग स्पर्धेत (व्यावसायिक क्रमवारीत मोजल्या जाणाऱ्या स्पर्धेत) तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. दोन सीझननंतर, २०१४ मध्ये, त्याने टूर सोडली. तेव्हा 'जमलं नाही' असं बरेच जण म्हणाले, आणि मला ते अजूनही खटकतं. टूरवर राहायचं तर मुक्काम ब्रिटनमध्ये आणि बिलियर्ड्स बाजूला. त्याला दोन्ही खेळ हवे होते, घर हवं होतं. त्याच वर्षी त्याने सिक्स-रेड (१५ ऐवजी ६ लाल बॉलच्या) स्नूकरचं विश्वविजेतेपद मिळवलं आणि लीड्सला बिलियर्ड्सची दोन्ही, ठरावीक वेळेच्या मॅचेसचं आणि ठरावीक गुणांच्या मॅचेसचं.

क्यू (खेळायची काठी) हातात धरलेल्या माणसाला दोन्ही खेळ सांभाळण्यातली अवघड गोष्ट लगेच कळेल. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल, हलक्या हाताने जवळ-जवळ ठेवायचे, इन-ऑफचेही (आपला बॉल दुसऱ्याला लागून खिशात गेला तरी) गुण. स्नूकरमध्ये तोच इन-ऑफ म्हणजे फाउल! तिथे लांबचे पॉट (बॉल खिशात घालणं) हवेत आणि क्यू बॉल, म्हणजे फटका मारायचा पांढरा बॉल, पुढच्या रंगावर नेमका यायला हवा. एका खेळाचा हात दुसऱ्यात अडथळा ठरतो. वर्षानुवर्षं दोन्हींत अव्वल राहणं ही माझ्या मते भारतीय खेळांतली सर्वांत दुर्लक्षित कामगिरी आहे.

दुर्लक्षाचं एक कारण म्हणजे हौशी खेळाडू सामान्य प्रेक्षकाला दिसतो तो बहुक्रीडा स्पर्धांत. ऑलिम्पिकमध्ये हा स्नूकर-बिलियर्ड्सचा खेळ नाहीच. आशियाई स्पर्धांत होता, आणि पंकजने २००६ ला दोह्यात व २०१० ला ग्वांगझौला बिलियर्ड्सचं सुवर्ण आणलं. त्यानंतर २०१४, २०१८ आणि पुढच्या हांगझौच्या स्पर्धेत हा खेळच नव्हता. ग्वांगझौला पंकज फक्त २५ वर्षांचा होता.